बाबांसाठी मोठ्या अक्षरात

प्रिय आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र मी फोनला बोलून लिहिलं आणि मोठ्या टायपात, ओळी सुट्या ठेवून छापून घेतलं. आई, तू वाचून दाखवू नकोस. बाबांना वाचू दे, लागेल तेवढा वेळ लागू दे.

नागपूरच्या तपासणीत मला डिसलेक्सिया आणि डिसकॅल्क्युलिया निघालं, तेव्हा आई, फोनवर तुझा आवाज एकदम बसला. डोक्यात बिघाड वगैरे काही नाही गं. बुद्धी शाबूत आहे, डोळेही चांगले. अक्षराचा आवाजाशी आणि आकड्याचा किमतीशी मेळ बसायला माझ्या मेंदूला जास्त वेळ लागतो. हे जन्मापासून असतं, आयुष्यभर राहतं आणि पुष्कळदा रक्तातून येतं. मानसतज्ज्ञ बाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला वाचायला त्रास होतो का? मला लगेच बाबा आठवले.

बाबा, चौथीत शाळा सुटली तेव्हापासून 'याला वाचायचा कंटाळा' हेच तुम्ही ऐकत आलात. अडत्याकडची काटापट्टी तुम्ही न बघता आईच्या हातात देता, चष्मा वावरात राहिला म्हणता. पण बोंडातला कापूस चिमटीत ताणून धागा किती लांब ते तुम्ही सांगता. कोणत्या साली कुठल्या तासात तूर होती, कुठे पऱ्हाटी, सगळं तोंडपाठ. असा माणूस आळशी कसा असेल? तुमची तपासणी झालेली नाही, पण मला वाटतं आपल्या दोघांचं एकच आहे.

घ आणि ध, भ आणि म यांची माझी अजून अदलाबदल होते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची, उच्चारायची मात्र नंतर. आकडे त्याहून अवघड. त्रेसष्ट म्हणताना तीन आधी ऐकू येतो, लिहायचा सहा आधी. 2019 साली बालभारतीने दुसरीच्या गणितात 'साठ तीन' असं वाचायची सोय दिली, तर केवढी टिंगल झाली! मला लहानपणी ती मिळाली असती, तर गणिताच्या तासाला पोटात गोळा आला नसता.

सोबत जाड काळ्या कागदाची पट्टी आहे, एका ओळीएवढी खाच पाडलेली. ती सरकवत वाचा, बाकीच्या ओळी झाकल्या जातात. छापील कागदाचा फोटो काढला की फोन मराठीत मोठ्याने वाचतो. हाताने लिहिलेल्या पावतीवर तो चुकतो, तिथले आकडे आईला दाखवाच. 2016 मध्ये सुरू झालेल्या 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाइन वाचनालयात आपल्यासारख्यांसाठी ऐकायची पुस्तकंही आहेत. रंगीत काचांचे चष्मे विकणारा कुणी आला तर पैसे घालू नका, त्यांनी वाचन सुधारतं याला भक्कम पुरावा नाही.

दादाचा पोट्टा तिसरीत अडखळतो म्हणे. त्याला रागावण्याआधी तपासून घ्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात शिकण्यातली ही अडचणही धरली आहे. प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो. दादाशी मी बोलते, पण तुमचं तो जास्त ऐकेल.

पोळ्याला येतेच आहे. फोनमधलं सगळं मी स्वतः लावून देईन. पट्टीची खाच अरुंद वाटली तर कळवा, येताना दुसरी कापून आणते.

तुमची लेक