हात पुसून वही घेणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

गाडी तुमच्याकडून दुरुस्त करून घरी आणून आज तीन आठवडे झाले आणि या तीन आठवड्यांत तिच्या चोरी-अलार्मचा सायरन एकदाही विनाकारण वाजलेला नाही. त्या दिवशी मी घाईघाईने पैसे दिले, 'थँक्यू' म्हटले आणि निघाले. ते फार अपुरे होते, ही रुखरुख लागून राहिली आहे, म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहीत आहे.

पावणेदोन महिने आमच्या इमारतीत कोणाला धड झोप मिळाली नव्हती. रात्री अडीच-तीनला सायरन सुरू झाला की मी रिमोट घेऊन अनवाणी जिने उतरत असे, आणि वर येताना पहिल्या मजल्यावरच्या आजी दार किलकिले करून उभ्या दिसत. त्या कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. पण शस्त्रक्रियेनंतर नुकत्याच घरी आलेल्या बाईंची झोप माझ्या गाडीमुळे मोडते, या विचाराने मी खाली मान घालूनच त्यांच्यासमोरून जात असे.

तुमच्याकडे येण्यापूर्वी मी तीन ठिकाणी जाऊन आले होते. पहिल्या ठिकाणी रिमोटमधला 3 व्होल्टचा सेल बदलला आणि 'तुमच्याच हातून पर्समध्ये बटण दाबले जात असेल' असे सांगितले, जणू रात्री तीन वाजता मी पर्स काखोटीला मारून झोपते. दुसऱ्या ठिकाणी बॅटरी नवी घालायला लावली. बॅटरी उतरली की अलार्म असा वागू शकतो हे खरे असले, तरी माझी बॅटरी आधी मीटर लावून पाहण्याची तसदी तिथे कोणी घेतली नाही. तिसऱ्या ठिकाणी गाडी कॉम्प्युटरला जोडली, पडद्यावर दोष दिसला नाही, तेव्हा धक्का ओळखणाऱ्या सेन्सरची संवेदनशीलता कमी करून गाडी परत दिली. त्याच रात्री सायरन पुन्हा वाजला. दुसऱ्या दिवशी मी तक्रार घेऊन गेले, तर काउंटरवरच्या गृहस्थांनी 'घरातल्या कोणा पुरुषमाणसाला पाठवा, त्यांना नीट समजावून सांगतो' असे उत्तर दिले. तो अपमान मी अजून विसरलेले नाही आणि विसरायची इच्छाही नाही.

या सगळ्या काळात मी एका वहीत नोंदी ठेवत होते: तारीख, वेळ, पाऊस होता की नाही, गाडी कुठे उभी होती, आदल्या दिवशी धुतली होती का. तिन्ही ठिकाणी ती वही मी पुढे केली आणि तिन्ही ठिकाणी ती न उघडताच मला परत मिळाली.

तुम्ही त्या वेळी दुसऱ्या गाडीच्या वायरिंगमध्ये कोपरापर्यंत हात घालून बसला होता. मी वही काढली तशी तुम्ही उठलात, फडक्याने दोन्ही हात पुसलेत, बोटांच्या पेरांतले काळे निघेना तेव्हा साबणाने धुऊन आलात, चष्मा लावलात आणि मगच ती हातात घेतलीत. मला 'थोडक्यात सांगा' न म्हणता तुम्ही उजेडात उभे राहून सगळ्या सव्वीस नोंदी वाचल्यात. मग एका ओळीवर बोट ठेवून विचारलेत, "ताई, दुपारी कधीच वाजला नाही ना?" काका, त्या क्षणी माझे डोळे भरून आले होते, तुमच्या लक्षात आले असेल, पण तुम्ही नजर वहीवरच ठेवलीत. माझे म्हणणे खरे धरून कोणीतरी त्यापुढचा प्रश्न विचारला, असे पावणेदोन महिन्यांत प्रथमच घडत होते.

नंतरचे काम फार वेळाचे नव्हते. बॉनेटच्या लॉकजवळचा तो छोटासा स्विच तुम्ही काढलात, त्याला मल्टिमीटर लावलात आणि मीटर माझ्याकडे वळवून स्विच बोटाने हलकेच दाबून दाखवलात. दाब तोच असताना आकडा स्थिर राहायला हवा होता, तो मात्र उड्या मारत होता. आत हिरवट गंज धरला होता. पहाटेच्या दमटपणात किंवा गाडी धुतल्यावर तो संपर्क क्षणभर तुटायचा, बॉनेट कोणी उघडले असे अलार्मला वाटायचे आणि सायरन सुरू व्हायचा. दुपारच्या उन्हात सगळे कोरडे होत असल्याने गॅरेजमध्ये गाडी तपासताना दोष सापडत नव्हता. हे तुम्ही मला समजेल अशा शब्दांत सांगितलेत आणि जुना स्विच कागदात गुंडाळून माझ्या हाती दिलात, म्हणजे काय बदलले ते माझ्याजवळ राहील.

हुशार कारागीर शोधले तर मिळतात. समोरचा माणूस त्रासलेला आहे आणि आपल्या गाडीबद्दल तो काही जाणतो, हे मान्य करून कामाला हात घालणारे कारागीर मला मात्र फार थोडे भेटले. तिसऱ्या गॅरेजमधले यंत्र तुमच्या मल्टिमीटरपेक्षा कितीतरी महागडे असेल, पण गाडी रात्री वाजते की दुपारी, हे त्या यंत्राला कोणी सांगितलेच नव्हते. तुम्ही वही वाचलीत म्हणून पहिला हात बॉनेटकडे गेला. तुमचा चांगुलपणा आणि तुमचे कसब यांत मला तरी फरक करता येत नाही.

वहीतले ते पान मी काल पुन्हा पाहिले. त्यावर ग्रीसचा एकही डाग नाही.

पहिल्या मजल्यावरच्या आजींना हे सगळे सांगितले, तेव्हा त्यांनी त्यांच्या मुलाच्या गाडीसाठी तुमचा नंबर मागून घेतला. त्यांच्या मुलाचे हेडलाइट मधूनच मंद होतात. केव्हा होतात ते लिहून ठेवायला मी त्यांना सांगितले आहे.

तुमची ऋणी,
वहीवाल्या ताई