तोक्योतल्या निशी-कासाईच्या काकूंना आभाराचे पत्र

आदरणीय काकू,

सादर नमस्कार.

तोक्योतल्या नेमणुकीत आम्ही उभयता स्थिरावलो, त्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात तुम्हाला आहे, आणि हे आभार चारचौघांसमक्ष मानावेत म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे.

निघण्यापूर्वी कंपनीने भाषेचे आणि शिष्टाचाराचे प्रशिक्षण दिले होते आणि ते उपयोगी पडलेच. परंतु भाड्याचे घर घेताना बहुधा हमीदार लागतो, अनेक ठिकाणी घरमालकाला ‘रेइकिन’ ही भाडेकरूला परत न मिळणारी रक्कमही द्यावी लागते आणि ‘यूआर’ या निमसरकारी गृहसंस्थेच्या वसाहतींत या दोन्हींची गरज नसते, हे आम्हाला तुमच्याकडूनच कळले. नव्या घरात आल्यापासून 14 दिवसांच्या आत पत्ता नोंदवायचा असतो, म्हणून तुम्ही आमच्याबरोबर एदोगावाच्या प्रभाग कार्यालयात आलात. प्लास्टिकच्या बाटलीचे झाकण आणि वेष्टन काढून, ती विसळून, ठरलेल्या दिवशीच बाहेर ठेवायची, हे तुम्ही आमच्या ओट्याशी उभे राहून करून दाखवलेत आणि त्याच सकाळी शेजारच्या आजींशी आमची ओळखही करून दिलीत.

काकांचेही ऋण आहे. काम पूर्ण होईपर्यंत वरिष्ठांना काही सांगायचे नाही ही माझी पुण्यातली सवय. जिथे अडेल तिथे लगेच सांगावे, जपानमध्ये त्यात कमीपणा मानत नाहीत, हे त्यांनी समजावल्यावर माझे कामावरचे दडपण खूपच हलके झाले.

तरीही सर्वांत मोठा उपकार माझ्या पतींच्या बाबतीतला आहे. ज्याची नेमणूक होते त्याला कार्यालयात माणसे भेटतात, जोडीदाराच्या वाट्याला मात्र चार भिंती येतात, आणि तो खचला की नोकरी करणाऱ्याचेही कामात लक्ष लागत नाही. नेमणूक अर्धवट सोडून परतणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचे काम उत्तम चाललेले असते, घर मात्र लागलेले नसते, असे माझे ठाम मत आहे. कुटुंबीयांच्या व्हिसावर वेगळी परवानगी काढल्यास आठवड्याला 28 तासांपर्यंत काम करता येते, ही माहिती देऊन तुम्ही थांबला नाहीत; अर्ज भरायला शेजारी बसलात आणि जपानी बोलण्याचा सराव व्हावा म्हणून त्यांना भाजीबाजारात सोबत नेत राहिलात.

यापुढे जोडीदारालाही निघण्यापूर्वीच्या भाषावर्गात बसू द्यावे, असे मी कंपनीला लेखी कळवले आहे. त्यासोबत तुमच्या मदतीचा हा वृत्तान्त जोडण्यास तुमची अनुमती असावी, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
तुमची पुण्याची शेजारीण