ओवीच्या जेवणाचं काय करायचं

चि. अमोल,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला धड काही सांगता येत नाही. मी खिचडीचं सांगायला लागले की तिकडे ओवी काहीतरी सांडते आणि तू 'आई, नंतर करतो' म्हणून फोन ठेवतोस. म्हणून लिहूनच पाठवते.

पहिलं म्हणजे, तिच्यासाठी वेगळा स्वयंपाक करणं बंद कर. श्वेता ऑफिसला गेली की तू आधी ओवीची प्युरी, मग तिचं सूप, मग तिचा पॅनकेक आणि शेवटी तुझं स्वतःचं जेवण असं करत बसतोस. एवढं करून तिने तोंड फिरवलं की तुझा पारा चढणारच. सव्वा वर्षाची झाली ती. घरात शिजतं तेच तिला चालतं, फक्त तिखट पडायच्या आधी तिच्या वाटणीचं काढायचं. डाळ शिजली की तिच्यापुरती घोटून बाजूला ठेव, मग तुमच्या आमटीला काय झणझणीत फोडणी घालायची ती घाल. दुधी जिरं-हिंगावर वाफवला की तिचे चार चमचे काढ, मग तुमचा कांदा-लसूण मसाला. मीठही तेव्हाच, तिला अगदी नावाला पुरे. अंगणवाडीत असताना आयांना हेच सांगायचे. ज्यांना शेतावर जायचं असायचं त्यांना ते लगेच पटायचं, कारण दोनदा चूल पेटवायला वेळ कुणाला होता?

आता 'ती काहीच खात नाही' हे तुझं पालुपद. पहिल्या वर्षात मुलाचं वजन जन्माच्या वेळेपेक्षा साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या अख्ख्या वर्षात मात्र ते दोन-अडीच किलोच वाढतं. मग भूक तशीच कशी राहील? लसीच्या कार्डात वजनाचा तक्ता असतो, तो भरत जा. रेघ वर चढतेय तोवर वाटीत किती उरलं ते बघत बसू नकोस. रेघ आडवी पडली किंवा खाली आली, तर आजीला नाही, डॉक्टरांना विचारायचं.

आणि दूध किती पिते ते सांगितलंस तेव्हाच माझ्या लक्षात आलं. दिवसभर बाटलीवर बाटली चालू असेल तर जेवायला जागा कुठून राहणार? गाईम्हशीच्या दुधात लोह जवळजवळ नसतंच. नुसत्या दुधावर वाढलेलं मूल गुटगुटीत दिसतं, पण त्याचं रक्त कमी भरतं. वरचं दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत आण, तेही पेल्यातून आणि जेवण झाल्यावर. झोपताना तोंडात बाटली तर नकोच, दात किडतात. श्वेता सकाळ-संध्याकाळ अंगावर पाजते ते चालू राहू दे, दोन वर्षं आणि त्यापुढेही चालतं.

खिचडी नीट लिहून घे, ती जमली की अर्धं काम झालं. दोन मुठी तांदूळ, एक मूठ मुगाची डाळ. कुकरमध्ये चमचाभर तुपात जिरं, हिंग, हळद, त्यात डाळ-तांदूळ जरा परतायचे, लाल भोपळ्याच्या किंवा गाजराच्या फोडी टाकायच्या, चौपट-पाचपट पाणी आणि चार शिट्ट्या. मिक्सर लावायचा नाही! मिक्सरमधून काढलेल्या खिचडीची खळ होते, आणि तिला चावायला शिकायचंय. डावाच्या पाठीने ठेच, थोडे गोळे राहिले तर राहू देत. वरून साजूक तूप घालताना हात आखडू नकोस. तिचं पोट एवढंसं असतं, त्यात मावेल तेवढ्यातच ताकद जायला हवी. शेवटी लिंबाचे चार थेंब, कारण आंबटामुळे डाळीतलं लोह अंगी लागतं. उरलेली खिचडी मात्र दुपारपर्यंत ओट्यावर ठेवू नकोस. भात वरून चांगला दिसला तरी आतून बिघडलेला असू शकतो. निवली की लगेच फ्रिजमध्ये, आणि परत देताना चांगली वाफ येईपर्यंत गरम कर.

हातात धरून खायला मुगाची धिरडी. डाळ तीन-चार तास भिजव, आल्याच्या छोट्या तुकड्याबरोबर वाट, त्यात दुधी किसून घाल आणि तळहाताएवढी धिरडी घालून झाकण ठेव. झाकणामुळे ती मऊ राहतात, नाहीतर कडा कडक होतात आणि ती थुंकून टाकते. उरलेल्या पिठात मिरची-कोथिंबीर घालून तुमची मोठी धिरडी घाला. तिला दिलेली अर्धी केसांत जातील, एखादं भिंतीवर. जाऊ देत. खाली जुनी चादर अंथर.

ज्वारीची भाकरीही दे. ताजी असताना वरचा पापुद्रा सोलून काढ, आतला मऊ भाग गरम वरणात कुस्कर आणि दहा मिनिटं झाकून ठेव. पुण्यात भाकरी करायला वेळ नाही म्हणू नकोस, तुमच्या कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रात मिळते, मी स्वतः बघितलीय.

अंडं पूर्ण उकडून दे, अर्धं कच्चं नको. श्वेताच्या माहेरून पापलेट आलं तर वाफवून, पण काटे बोटांनी चाचपून मगच. शेंगदाण्याचं कूट भाजीत, भातात खुशाल घाल, मात्र अख्खा दाणा, फुटाणा, लाही हातात द्यायची नाही. चार-पाच वर्षांची होईपर्यंत नाही. बाबा तासगावची द्राक्षं पाठवायची म्हणताहेत. पाठवू देत, पण प्रत्येक द्राक्षाच्या उभ्या चार फोडी करायच्या. अख्खं द्राक्ष घशात बरोबर बुचासारखं बसतं. खाताना ती बसलेलीच हवी, पळता पळता नको, गाडीत नको.

गुळाबद्दल विचारलं होतंस. गूळ म्हणजे शेवटी साखरच, जरा बऱ्या घराण्यातली. कधीतरी घारग्यात, नाचणीत चालेल, रोजच्या रोज नको. आणि बाबा तिला चहात बिस्किट बुडवून देतात त्याचा मी इथे बंदोबस्त केलाय, तिकडे आले की तू कर. चहाने लोह अंगी लागत नाही, आणि बिस्किट म्हणजे मैदा आणि साखर. ते ऐकणार नाहीत, पण पुडा वरच्या फडताळात ठेवला तर हात पोचायचा नाही.

मोबाईल दाखवून भरवणं सोड. पडद्यावर नजर असली की पोट भरलं हे पोरीलाच कळत नाही. काय द्यायचं आणि केव्हा, हे तुझ्या हातात. किती खायचं ते तिच्यावर सोड. वीस-पंचवीस मिनिटं ताटापाशी बसली की झालं, ताट उचल. वाटी घेऊन घरभर मागे फिरू नकोस, आणि मधेच कुरकुर केली म्हणून लगेच केळं हातात देऊ नकोस. दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा खाऊ, एवढ्या वेळा ठरलेल्या असल्या की एखादं जेवण टाकलं तरी पुढच्याला भरून काढते.

बाबांबरोबर नाचणीचं सत्त्व पाठवतेय. नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणून, सावलीत वाळवून, जरा भाजून दळलीय. मोड आणल्याने पेज पातळ राहते, म्हणून तेवढ्याच वाटीत पीठ जास्त मावतं. दोन चमचे पीठ आधी गार पाण्यात कालव, मगच गॅसवर ठेव आणि ढवळत राहा. गरम पाण्यात टाकलंस की गुठळ्या झाल्याच म्हणून समज. सोबत मेतकूट आहे, तिखट न घातलेलं. मऊ भातावर चिमूटभर आणि तूप.

डबे परत पाठव. मागचे स्टीलचे दोन अजून तुमच्याकडेच आहेत.

तुझी,
आई