उलट्या आट्यांची फ्रेम

शेफिल्ड

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

मी घेतलेली जुनी सायकलची फ्रेम खरंच कोल्नागो या नामांकित इटालियन कंपनीची आहे का, हे तू विचारलंस, त्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. फ्रेम कोल्नागो नाही. इटलीचीसुद्धा नाही. ती इथलीच आहे. शेफिल्डहून सकाळी सायकलनं निघालं तर जेवायच्या वेळेपर्यंत परत येता येईल, अशा वर्कसॉप नावाच्या गावात १९७५ साली ती जोडली गेली. हे कळल्यापासून मला ती आणखीच आवडायला लागली आहे. हे कसं ठरवलं ते फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहायला बसलो. शिवाय काकांनी बोटीवर असताना फ्रान्समधल्या मार्सेहून आणलेली ती निळी फ्रेम तुझ्या माळ्यावर पडून आहे. तिलाही हे सगळं लागू पडेल.

फोटोत तू पाहिलंसच, डाउन ट्यूबवर, म्हणजे हँडलखालून पायडलकडे उतरणाऱ्या नळीवर, भल्या मोठ्या अक्षरांत कोल्नागो आणि हँडलखालच्या आखूड हेड ट्यूबवर किलवरचं पान. १९७० मध्ये मिकेले दान्चेल्लीनं कोल्नागोवर मिलान–सान रेमो ही शर्यत जिंकली आणि त्यानंतर ते पान त्यांचं चिन्ह झालं. १९७२ मध्ये एडी मर्क्सनं मेक्सिको सिटीत तासाभरात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापलं, तेही एर्नेस्तो कोल्नागोनं बांधलेल्या सायकलवर. एवढ्या नावाचे स्टिकर कोणालाही आपल्या सायकलवर हवेसे वाटणारच. ते विकत मिळतात आणि एका दुपारी लावून होतात. म्हणून मी स्टिकर आणि रंग हा पुरावा धरतच नाही.

विकणाऱ्याचा दुसरा मुद्दा मागच्या ड्रॉपआउटचा, म्हणजे चाकाचा आस ज्या खाचेत बसतो तिचा होता. त्यावर कॅम्पान्योलो असं कोरलेलं आहे, म्हणजे माल इटालियन, असं त्याचं म्हणणं. पण तुलियो कॅम्पान्योलोच्या विचेन्झातल्या कारखान्याचे ड्रॉपआउट त्या काळात इंग्लंड, फ्रान्स, बेल्जियम, हॉलंड सगळीकडचे कारागीर विकत घेऊन जोडायचे. फ्रेम भारी होती आणि बांधणाऱ्यानं खर्चाला मागेपुढे पाहिलं नाही, एवढंच त्यावरून कळतं.

मग व्हर्निअर काढला. फ्रेंच फ्रेमच्या नळ्या जुन्या काळी मेट्रिक मापाच्या असत, वरची आडवी टॉप ट्यूब २६ मिलिमीटर आणि सीटखालची सीट ट्यूब व डाउन ट्यूब २८. इंग्लंड आणि इटलीत मात्र २५.४ आणि २८.६, म्हणजे अनुक्रमे एक इंच आणि एक पूर्णांक एक अष्टमांश इंच. रंगाच्या थरामुळे माप फसतं, म्हणून बाटलीच्या क्लॅम्पनं जिथं रंग पार घासून टाकला होता तिथं डाउन ट्यूब मोजली, आणि टॉप ट्यूब ब्रेक केबलच्या पट्टीखाली. दोन्ही मापं इंचात चोख बसली. सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, २७.२ चा. म्हणजे फ्रान्स बाद झाला, आणि नळी पातळ, उत्तम प्रतीची आहे हेही कळलं. जपानची शंका होती, कारण जपानी फ्रेमचे आटे इंग्लिश मापाचेच असतात. पण चिमट्यावर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कवर, हेडसेटची (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगची) खालची रिंग जिथं बसते ती जागा जपानी फ्रेमला सहसा २७ मिलिमीटर असते. इथं ती २६.४ भरली.

आता राहिले इंग्लंड आणि इटली. त्यांचा निकाल बॉटम ब्रॅकेटमध्ये, म्हणजे पायडलचा आस फिरतो तिथं लागतो.

हा भाग तुला नीट सांगतो, कारण उद्या तुला हेच करायचं आहे. इंग्लिश फ्रेमचा बीबी शेल, म्हणजे बॉटम ब्रॅकेटची आडवी नळी, ६८ मिलिमीटर रुंद असतो, आणि त्यात दोन्ही बाजूंनी पिळून बसवलेल्या बेअरिंगच्या कपांपैकी चेनच्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात. इटालियन शेल ७० मिलिमीटरचा, आतलं भोक मोठं, ३६ मिलिमीटरच्या आट्यांचं, आणि दोन्ही बाजूंना सुलटे आटे. दोन्हीकडे इंचाला २४ आटे, त्यामुळे नुसते आटे मोजून काही उमगत नाही. दिशा पाहावी लागते. माझा उजवा कप गंजून शेलशी एकजीव झाला होता. आत तेल सोडून ठेवलं. मग कपातून एक जाड बोल्ट आरपार घातला, दोन्ही बाजूंनी वॉशर लावले, नट करकचून आवळला आणि लांब पाना लावून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं जोर दिला. आधी काहीच हललं नाही. मग एक कर्रर्र आवाज आला, कपाच्या कडेचा रंग एका रेषेत फाटला आणि कप बाहेरच्या बाजूला यायला लागला. सुलटे आटे असते तर तो त्या दिशेनं आणखी आत रुतला असता.

यात एक बारकावा आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. इंग्लिश शेलचे आटे खराब झाले की कारागीर तेच भोक थोडं वाढवून त्यात इटालियन आटे पाडतात. त्यामुळे इंग्लिश फ्रेममध्ये इटालियन आटे सापडू शकतात, तेव्हा शेलची रुंदी पाहायची. ती ६८ असेल तर फ्रेम सहसा मुळात इटलीची नसते. पण मोठं झालेलं भोक परत लहान करता येत नाही. म्हणून मूळ इंग्लिश उलटे आटे शाबूत दिसले की तो पुरावा स्टिकरपेक्षा शंभरपट भक्कम. इटलीतल्या काही मंडळींनी परदेशी गिऱ्हाइकांसाठी इंग्लिश आटेही पाडले, म्हणून मी तेवढ्यावर थांबलो नाही. चिमटा काढून त्याच्या नळीत बॅटरी मारली. कोलंबसच्या मिलानी नळ्यांना त्या काळात आत तळाशी पिळदार उंच रेषा असायच्या. इथं आत सगळं गुळगुळीत होतं आणि बाहेरून पुसट अक्षरांत रेनॉल्ड्स उमटलेलं. म्हणजे बर्मिंगहॅमची नळी. तिथलं ५३१ नावाचं मँगनीज-मॉलिब्डेनमचं पोलाद १९३५ पासून निघालं, आणि पुढची कितीतरी वर्षं शर्यतीच्या फ्रेमला त्याहून चांगलं काही लोकांना सुचत नव्हतं.

सालाचा अंदाज नंबर सापडायच्या आधीच आला होता. मागच्या ड्रॉपआउटमधलं अंतर १२० मिलिमीटर, म्हणजे पाच दातेरी चकत्यांच्या फ्रीव्हीलचा जमाना. सहा-सात चकत्या आल्यावर ते १२६ झालं. बाटलीसाठी फ्रेमवर झाळलेले स्क्रू नाहीत, सगळं क्लॅम्पवर. ब्रेकचं भोकही दोन्ही बाजूंना सारखंच, खोलगट नटासाठी मोठं केलेलं नाही. सत्तरच्या दशकाचा पूर्वार्ध किंवा मध्य, असं मी वहीत लिहून ठेवलं होतं.

शेवटी शेलच्या बुडाचा रंग काढला. सँडपेपर अजिबात वापरू नकोस, ठसा उथळ असतो, घासला जातो. रंग मऊ करणारं द्रावण, जुना टूथब्रश आणि धीर, एवढंच लागतं. लाल रंग गेला, त्याखालचा पांढरा गेला, मग गडद निळा दिसला. तो कारखान्याचा असावा, कारण सांध्याच्या कोपऱ्यातही तो सलग पोचला होता. निळ्याच्या तळातून आधी डब्ल्यू दिसलं, त्याला लागून आणखी एक अक्षर, आणि मग आकडे, त्यातला पहिला ५. १९७३ पासून रॅले या इंग्लिश सायकल कंपनीच्या कारखान्यांत ही पद्धत होती: पहिलं अक्षर कारखान्याचं, दुसरं महिन्याचं आणि पहिला आकडा वर्षाचा शेवटचा. डब्ल्यू म्हणजे वर्कसॉप. तिथला कारखाना ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडला, त्यामुळे हा ५ फक्त १९७५ चाच असू शकतो.

वर्कसॉपचा कारखाना म्हणजे कार्लटन. शेजारच्या कार्लटन-इन-लिंड्रिक गावात १८९८ मध्ये सुरू झाला आणि पुढे वर्कसॉपला आला. १९६० मध्ये रॅलेनं तो घेतला आणि मग रॅलेच्या नावाच्या उंची रेसिंग फ्रेमही तिथंच जोडल्या जाऊ लागल्या. माझ्या हेड ट्यूबवर पुटीनं बुजवलेली रिव्हेटची दोन भोकं सापडली आहेत. रॅलेचा बगळ्याचा बॅज तिथं बसत असणार, असं मी धरून चाललो आहे.

आणि सुहास, आपला धागा इथंच जुळतो. रॅले, रेनॉल्ड्स आणि मद्रासजवळ अंबत्तूरला १९४९ मध्ये उभी राहिलेली टीआय सायकल्स, या सगळ्यांच्या मागे तेव्हा ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स ही एकच इंग्लिश कंपनी होती. तुझे आबा टीआयच्या ज्या काळ्या हर्क्युलिसवर दुधाचे कॅन बांधून यायचे ती आणि ही फ्रेम लांबच्या का होईना, एकाच कुळातल्या. मुंबई–पुणे शर्यतीच्या वेळी खोपोलीला उभे राहून आपण बाहेरच्या देशातल्या सायकलींची नावं घोकायचो. त्या नावांत वर्कसॉप कधीच नव्हतं. तिथल्या कामगारांनी लगच्या, म्हणजे नळ्या जोडणाऱ्या सांध्यांच्या, कडा कानशीनं इतक्या पातळ केल्या आहेत की बोट फिरवलं तर नळी कुठे संपली आणि लग कुठे सुरू झाला हे चटकन कळत नाही. अशा कामावर दुसऱ्याचं नाव राहू द्यायचं नाही, हे मी ठरवलं आहे. रंग तोच गडद निळा देणार, आणि किलवर कायमचा जाणार. पुन्हा विकायची वेळ आली तर पैसे कमी मिळतील, हे तू म्हणालास ते खरं आहे. मिळू देत कमी.

आता तुझ्या फ्रेमचं. काका ती पेझो या फ्रेंच कंपनीची आहे म्हणायचे. शर्यतीची पेझो असेल तर ड्रॉपआउट बहुधा सिम्प्लेक्स या फ्रेंच कंपनीचे निघतील आणि सीटपोस्ट २६.४ चा. बीबीचे आटे फ्रेंच, ३५ मिलिमीटरचे, दोन्ही बाजूंना सुलटे. म्हणून उजवा कप काढताना काट्यांच्या उलट दिशेनं जोर दे. पण तो हलत नसेल तर हट्ट करू नकोस. माप तेच ३५ आणि उजवे आटे उलटे, असा स्विस प्रकारही असतो. मोटोबेकान या दुसऱ्या फ्रेंच कंपनीनं तो बराच वापरला, आणि फ्रेमवर आज जे नाव आहे त्यावर तू अजून विश्वास ठेवायचा नाहीस. गल्लीतल्या दुकानात रोडस्टरचा, म्हणजे साध्या काळ्या सायकलचा, इंग्लिश कप ठोकून बसवून देतो म्हणतील, तर तिथून सरळ उठून ये. आटे एकदा गेले की फ्रेमची साक्षही गेली.

शेलची रुंदी, सीटपोस्टवरचा आकडा आणि बुडाचा नंबर, एवढं कळव. नंबरचा फोटो तिरक्या उजेडात काढ, म्हणजे ठसा उठून दिसेल. तिथं कप मिळाला नाही तर मी इथून पाठवतो.

काकांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, चिमणीला गोड पापा.

तुझा,
अनिकेत