मूठधान्य बसवून देणाऱ्या मावशींना

प्रिय मावशी,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

मूठधान्याची, म्हणजे घरोघरच्या मूठमूठ तांदळातून गरजू घरांना देण्याच्या व्यवस्थेची, वही आणि कोठीची किल्ली पंचकमिटीच्या हाती देऊन तुम्ही मुलीकडे राहायला गेलात. उपासनेत उभे राहून कोणी आभार मानलेले तुम्हांला कधी आवडले नाही, म्हणून हे पत्र. ते सगळ्यांसाठी उघडे ठेवतो आहोत, कारण वास्कोतल्या आमच्या छोट्या मराठी ख्रिस्ती मंडळीत तुम्ही जे बसवले ते दुसऱ्या कुठल्याही मंडळीला उद्यापासून सुरू करता येईल.

मूठधान्य नवे नाही. मिझोरमच्या मंडळ्यांत १९१० पासून बायका दर जेवणाला मूठभर तांदूळ बाजूला काढत आल्या आहेत. तुम्ही ते इथे आणताना गोव्याचा तांदूळ, गोव्याचा पाऊस आणि बंदराभोवतीच्या भाड्याच्या खोल्या यांचा विचार केलात.

पहिला नियम तुम्ही कधी सैल होऊ दिला नाहीत. भातासाठी तांदूळ मोजून घेतला की धुण्याआधी त्यातलीच एक मूठ डब्यात. पोत्यातून वेगळी मूठ घ्यायची नाही. मोजलेल्यातून काढली तर घरात तेवढा भात कमी शिजतो आणि दान ताटातून जाते. महिन्याच्या शेवटी दुकानातून दोन किलोची पिशवी आणून देणारेही होते. त्यांना तुम्ही परत पाठवले नाही, पण ती पिशवी वहीत वेगळ्या रकान्यात मांडलीत, म्हणजे रोजच्या मुठीचे खरोखर किती जमते ते कळत राहिले.

एक मूठ साधारण ४० ग्रॅमची. दोन वेळा धरली तर एका घराचे महिन्याला २ किलो ४०० ग्रॅम, आणि पंचवीस घरांचे ६० किलो. एवढे कागदावर. एकदाच भात करणारी घरे असतात, रात्रपाळी असते, लोक गावी जातात, म्हणून हाती ४० किलोच धरायचे आणि तेवढेच वाटायचे कबूल करायचे, हे तुम्ही पहिल्याच बैठकीत सांगितलेत. त्यामुळे शब्द दिलेले एकही घर रिकामे राहिले नाही.

उकडा (टरफलासकट उकडून वाळवलेला तांदूळ) आणि साधा कोलम एकाच पिंपात गेले की काय होते, हे तुमच्याइतके नेमके कोणी सांगितले नसते. उकड्याला पाणीही जास्त लागते आणि वेळही. एकत्र शिजवले तर कोलमची पेज होते आणि उकडा दाताखाली कच्चा राहतो. ज्या घरात एकच स्टोव्ह आणि मोजका गॅस, तिथे असा तांदूळ देणे म्हणजे देऊन न दिल्यासारखे. म्हणून दोन पिंपे, दोन रंगांच्या कापडी पिशव्या आणि घेणाऱ्या घराला आधी विचारायचे, तुम्ही कुठला खाता? उत्तर कर्नाटकातून आलेल्या घरांना उकडा रुचत नाही हे विचारल्याशिवाय कसे कळणार होते?

रविवारी मूठ आणायच्या पिशव्याही सगळ्या एकाच मापाच्या आणि तोंडाला नाडी असलेल्या. कोणी किती आणले ते बाजूच्या बाकावरच्यालाही दिसत नाही. मोजायला दोघे, एकमेकांच्या नात्यातले नसलेले. वहीत फक्त तारीख, प्रकार, किलो आणि दोन सह्या. देणाऱ्याचे नाव कुठेच नाही.

साठवणुकीवर तुमचा जीव होता, आणि तो असायलाच हवा होता. जून ते सप्टेंबर चिऱ्याच्या भिंती ओल धरतात. पिंप भिंतीपासून वीतभर लांब, जमिनीपासून चार बोटे वर फळीवर. आत वाळवलेला कडुलिंबाचा पाला, ओला अजिबात नाही. बोरिक पावडर घरच्या धान्याला लावणारे लावोत, दुसऱ्याच्या घरी जाणाऱ्या तांदळाला नाही, कारण तो किती वेळा धुतला जाईल हे आपल्या हातात नसते. झाकणावर खडूने तारीख लिहायची आणि जुना तांदूळ आधी काढायचा. सोंडे दिसले की सगळ्यांचा हात उन्हाकडे जातो. कडक उन्हात तांदळाचा दाणा तडकतो आणि पुढे शिजताना कण्या होतात. तुम्ही तो सावलीत चादरीवर पातळ पसरून पंखा लावायला शिकवलेत. बरेचसे किडे आपणच बाहेर पडतात, उरलेले पाखडून आणि चाळून निघतात. आणि घरात कीड लागली म्हणून मंडळीला आणलेला तांदूळ तुम्ही दारातूनच परत केलात: "आपल्या कुकरात जात नाही ते इथेही नको."

सगळ्यात मोठे काम मात्र जून-जुलैचे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. जेटीवर बर्फ फोडणारे, टोपल्या उचलणारे, मासळी निवडणाऱ्या बायका यांचे काम थांबते, पावसाने बांधकामाचे रोजही तुटतात. नेमकी त्याच वेळी आपली पिंपे तळाला गेलेली असतात, कारण मे महिन्यात निम्मी मंडळी गावी. गरज चढते तेव्हा साठा उतरलेला. यावर तुमचा उपाय लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा. भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंत दोन मुठी, आणि त्यातला फक्त उकडा जूनसाठी वेगळा ठेवायचा, कारण तो दाणा टणक, त्याला सोंडा उशिरा लागतो. मे संपायच्या आत पिंप एकदा पूर्ण उपसून, पुसून, कोरडे करून पुन्हा भरायचे. चाळीस दिवसांचा उपवास आणि पावसाळ्यातली चूल यांची अशी गाठ तुम्ही घालून दिलीत.

वाटायलाही दोघेजण, संध्याकाळी, घरी जाऊन. गरजूंच्या घरी जाणाऱ्या व्हिन्सेंट द पॉल सोसायटीतले कॅथलिक बंधुभगिनी असेच जोडीने जातात. वेदीसमोर बोलावणे नाही, फोटो नाही. पाच किलोची पिशवी देण्याआधी रेशनकार्डाची चौकशी. महाराष्ट्राचे किंवा कर्नाटकाचे कार्ड गोव्यात चालते हे अजून कितीतरी घरांना माहीत नसते. घरातल्या काहींचे धान्य इथे आणि बाकीच्यांचे गावी, असेही उचलता येते. सिमेंटने किंवा बर्फाने बोटे झिजलेल्यांचा ठसा मशीन घेत नाही, त्यांच्याबरोबर दुकानापर्यंत जाऊन दुसरे बोट लावून पाहायला सांगणे, हेही तुम्ही वाटपातलेच काम मानलेत. हक्काचे धान्य मिळू लागले की त्या घराची पिशवी पुढच्या घराला.

यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत कुरकुर झाली ती रोजच्या वाटणीवरूनच. ग्रीक बोलणाऱ्या विधवा सुटत होत्या, म्हणून सात जण नेमावे लागले. प्रेषितांच्या कृत्यांचा तो सहावा अध्याय तुम्ही वाटपाच्या बैठकीत वाचायला लावायचात, आणि यादीत ओडिया, कन्नड, कोकणी बोलणारी घरे, मंडळीत न येणारीही, आपसूक यायची.

आणि पिशवी घेणाऱ्या घरातही तुम्ही डबा ठेवलात. काहींना ते कठोर वाटले. पण त्या घरांतली मूठही त्याच नाडीच्या पिशवीतून येते, त्याच पिंपात पडते, आणि रविवारी त्या बायका इतरांसारख्याच पुढे येऊन पिशवी ठेवतात. आमच्या मते तुमच्या सगळ्या व्यवस्थेत हेच सर्वांत मोलाचे.

वही आता तरुण संघातल्या दोघी पाहतात. उकड्याचे पिंप रिकामे करून घासून ठेवले आहे, फळीचा एक पाय बदलायचा आहे तो या आठवड्यात होईल. लेंटच्या पिशव्या भस्म बुधवारच्या आदल्या रविवारी वाटू. तोवर एक कळवा: कडुलिंबाचा पाला तुम्ही कुठल्या महिन्यात वाळवत होतात? वहीत ते राहून गेले आहे.

तुमचे,
स्त्रीमंडळ, पंचकमिटी आणि मंडळीतील सर्व