कॉफीचे यंत्र कोणते घ्यावे, याविषयी

म्हैसूर,
रविवार

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप सौ. आईस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बाबांनी पाठविलेले जाहिरातीचे कात्रण मिळाले. दिवाळीच्या आत घरी कॉफीचे यंत्र आणावयाचे तुमच्या मनात आहे आणि त्याविषयी माझे मत हवे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझे मत असे, की विजेवरचे यंत्र घेऊ नये. इकडे घरोघरी असतो तो दोन डब्यांचा स्टीलचा फिल्टर घ्यावा. यंत्रातून कॉफी किती छान निघते हे दुकानदार तोंड भरून सांगतो. ते यंत्र रोज कोणी आणि कसे धुवायचे, हे मात्र तो सांगत नाही, आणि आपल्या घरी तो प्रश्न शेवटी आईच्या ओट्यावरच येऊन पडतो.

बाबा, त्या कात्रणातील ‘15 बार’ या आकड्याखाली तुम्ही पेनाने रेघ मारली आहे. बार हे दाबाचे माप. एस्प्रेसोला, म्हणजे दाबाने काढलेल्या दाट कॉफीला, प्रत्यक्षात साधारण 9 बार दाब लागतो. 15 हा पंपाच्या कमाल क्षमतेचा आकडा असतो, त्यामुळे त्यावरून कॉफीची प्रत ठरत नाही. खरी अडचण पुढेच आहे. इतक्या दाबाचे पाणी पंचवीस-तीस सेकंदांत पुडीतून जाणार असल्याने पूड अगदी बारीक, एकसारखी आणि ताजी दळलेली असावी लागते. आपल्या मिक्सरमध्ये बिया फिरविल्या, तर काही भाग पिठासारखा आणि काही जाड्या रव्यासारखा राहतो. म्हणजे यंत्रापाठोपाठ दळणयंत्राचाही खर्च आलाच. शिवाय सोलापुरात आपल्या इमारतीला बोअरचे पाणी आहे, आणि गीझरच्या कॉइलवर साचलेला क्षाराचा थर तुम्ही पाहिलेलाच आहे. तसाच थर यंत्राच्या आतील बारीक नळ्यांत बसतो, आणि तो सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्याने ठरावीक दिवसांनी काढावा लागतो. दूध फेसाळणारी नळी तर प्रत्येक वेळी लगेच पुसली नाही, की दूध तिच्यावर वाळून चिकटते. हे सगळे दोन कप कॉफीसाठी! कॅप्सूलच्या, म्हणजे पूड भरलेल्या लहान बंद डब्या वापरणाऱ्या, यंत्रात दळण नाही आणि धुणेही थोडे, हे खरे; पण दर कपाला एक कॅप्सूल विकत घ्यायची आणि ती टाकून द्यायची, हे आईला एक आठवडासुद्धा मानवणार नाही.

कागदी गाळणीच्या विजेवरच्या यंत्राचा विचार मी बाबांच्या कोलेस्टेरॉलमुळे अधिक गंभीरपणे केला. कागदातून कॉफी गाळण्याची ही युक्ती 1908 साली जर्मनीतील ड्रेस्डेन येथे मेलिटा बेन्ट्झ या गृहिणीने मुलाच्या वहीतील टीपकागद वापरून काढली. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा घटक असतो, तो रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवितो, आणि कागद तो बहुतांशी अडवितो. भांड्यात पूड उकळून गाळलेल्या कॉफीत किंवा फ्रेंच प्रेसच्या (पूड गरम पाण्यात भिजवून जाळीने खाली दाबायच्या भांड्याच्या) कॉफीत मात्र तो भरपूर उतरतो. तेव्हा आई, पाहुणे आले की तू पूर्वीपासून पूड उकळून, वर जायफळ किसून जी कॉफी करतेस, ती बाबांना रोज देऊ नकोस. मग कागदी गाळणीचेच यंत्र का नको? कारण त्यातली कॉफी पातळ असते, ती बिनदुधाची प्यावयाची असते. तुमच्या पद्धतीने अर्धा कप दूध घातले, की नुसते गढूळ दूध उरते. स्टीलच्या फिल्टरची जाळी धातूची असल्याने ती कागदाइतके अडवीत नाही, म्हणून बाबांनी दिवसाला दोन लहान कपांवर थांबावे आणि पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

इटलीतील मोका पॉटही चांगला आहे. 1933 पासून चालत आलेले, शेगडीवर ठेवून कॉफी करायचे हे अष्टकोनी भांडे मला स्वतःला फार आवडते. परंतु तो बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि तसा असला तर आईच्या इंडक्शनवर तापत नाही, आणि धुताना त्याचे घट्ट बसलेले आटे पिळून उघडावे लागतात. आईच्या मनगटाला ते नको.

आता फिल्टर. वरच्या डब्याच्या तळाला बारीक छिद्रे असतात. त्यात तीन चहाचे चमचे पूड घालून दांडीच्या चकतीने हलकेच सारखी करावी, दाबू नये. पाणी उकळल्यावर अर्धा मिनिट थांबून चकतीवर हळूहळू ओतावे, झाकण ठेवावे आणि बाबांची दाढी होईपर्यंत तिकडे पाहू नये. पंधरा-वीस मिनिटांत खालच्या डब्यात दाट डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, जमते. कपाचा चौथा हिस्सा डिकॉक्शन, वर कडकडीत दूध. थेंब पडणे थांबले, तर पूड जास्त दाबली गेली किंवा फार बारीक होती असे समजावे. महिन्या-दोन महिन्यांनी छिद्रे तेलाने बुजू लागली, की रिकामा वरचा डबा चिमट्यात धरून त्याचा तळ गॅसच्या ज्योतीवर क्षणभर धरावा, आणि थंड झाल्यावर घासावा. पितळी फिल्टर दिसतो देखणा, पण त्याला कल्हई लागते, आणि कल्हईवाला आता तुमच्याकडे दारावर येत नाही.

पूड मी येथूनच पाठवीन. कॉफी 80 भाग आणि चिकोरी 20 भाग, असे मिश्रण दुधाच्या कॉफीला दाट रंग देते. चिकोरी म्हणजे भाजलेले मूळ. तिच्यात कॅफीन नसल्याने बाबांच्या झोपेच्या दृष्टीनेही ती बरी. बाजारातून कधी घेतलीच, तर पाकिटावरचे प्रमाण वाचून घ्यावे, कारण कायद्याने अशा मिश्रणात निम्म्याहून जेमतेम अधिक, म्हणजे 51 टक्के कॉफी असली तरी चालते. एका वेळी पाव किलोच आणावी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. फ्रीजमध्ये ठेवू नये, तिला ओल लागते. इन्स्टंट कॉफी मात्र फिल्टरमध्ये चुकूनही घालू नका, ती पूर्ण विरघळून खाली जाते.

मापाचे तेवढे कळवावे. दोघांपुरता लहान फिल्टर पुरेल. पण रविवारी काका-काकू येतात, त्यांच्यासाठी आईला दोनदा पाणी ओतावे लागू नये असे वाटत असेल, तर मी चार कपांचा घेते. तो अर्धाच भरून चालत नाही, पूड कमी पडली की पाणी भराभर उतरते आणि डिकॉक्शन फिके होते, म्हणून रोजच्या सोयीचा तो लहानच, असे माझे मत आहे. उत्तर शनिवारच्या आत आले, तर पुढच्या आठवड्यात सोलापूरला निघालेल्या शेजाऱ्यांबरोबर फिल्टर आणि पूड दोन्ही पाठविता येतील.

काका-काकूंना नमस्कार.

तुमची,
लेक