ग्वाल्हेरची कार्यालये ग्वाल्हेरलाच राहू द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

‘मध्य प्रदेश सरकारची खाती चार शहरांत कशाला? सगळी भोपाळला न्या,’ असे एका इंदूरकर वाचकांनी याच सदरात लिहिले आहे. कागदासाठी गावोगाव फिरावे लागले की माणूस वैतागणारच. पण ही कार्यालये इथे कुणाच्या विसरभोळेपणामुळे राहिलेली नाहीत. राज्ये जोडताना झालेली ती वाटणी आहे.

२८ मे १९४८ रोजी मध्य भारत राज्य झाले. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख, यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. दोन मानाच्या गाद्या, तेव्हा राजधान्याही दोन : हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. (आमच्या लष्कर भागात, म्हणजे ग्वाल्हेर शहरातल्या वस्तीत, ज्याने वैशाखातली एक दुपार काढली आहे, तो याचे कारण विचारणार नाही.) विधानसभा ग्वाल्हेरच्या मोतीमहालात भरे. खालचा कारभार जुळवणे त्या मानाने सोपे होते, कारण दोन्ही संस्थानांत जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला सुभाच म्हणत. होळकरांकडे परगण्यावर अमीन असे. आमच्या घरातली जुनी मंडळी तर कलेक्टरलाही बरीच वर्षे ‘सुभेसाहेब’च म्हणत.

१ नोव्हेंबर १९५६ ला मध्य भारत, विंध्य प्रदेश, भोपाळ आणि महाकोशल एकत्र आले. ग्वाल्हेर, इंदूर आणि रेवा यांचे राजधानीपण एका दिवसात गेले. जबलपूरला राजधानीची आशा होती, ती भोपाळने नेली. जबलपूरला उच्च न्यायालय मिळाले आणि त्याची खंडपीठे इंदूर-ग्वाल्हेरला राहिली. आमच्या वाट्याला महसूल मंडळ, अबकारी, परिवहन आणि भूअभिलेख ही खाती आली. इंदूरला लोकसेवा आयोग, श्रमायुक्त आणि आज ज्याला वाणिज्यिक कर म्हणतात ते खाते. पत्रलेखकांनी ही दुसरी यादी का वगळली, कळत नाही. ग्वाल्हेरचे महालेखाकार कार्यालय खरे तर केंद्राचे, पण आमच्या गल्लीतल्या कितीतरी मराठी घरांची चूल त्याच्यावर पेटली.

असे काही आपणच केले असेही नाही. नागपूरची राजधानी गेली तेव्हा १९५३ च्या नागपूर कराराच्या आधारावर तिथे हिवाळी अधिवेशन आले आणि विदर्भातली माणसे अजून त्याचे दिवस मोजतात. २००० साली छत्तीसगड वेगळे झाले तेव्हा राजधानी रायपूरला आणि उच्च न्यायालय बिलासपूरला गेले.

आता मुद्द्याचे. कार्यालय ग्वाल्हेरला असल्यामुळे काम अडते, हे मला पटत नाही. मंत्री आणि सचिव भोपाळच्या वल्लभ भवनात, म्हणजे मंत्रालयात, बसून धोरण ठरवतात. आयुक्त म्हणजे विभागाध्यक्ष, त्याने ठरलेले राबवायचे. तहसीलदारापासून वर चढत आलेला जमिनीचा वाद शेवटी ज्या महसूल मंडळापुढे येतो, त्याला तर मंत्र्यांच्या शेजारी बसण्याची गरजच नाही, उलट लांब असलेलेच बरे. पाटी ग्वाल्हेरला, पण साध्या मंजुरीलाही वरची सही लागते, आयुक्त बैठकांसाठी भोपाळच्या गाडीत, आणि मोरेना-श्योपूरहून आलेला माणूस बाकावर : खरा घोळ हा आहे. हे खाते उद्या भोपाळला नेले तर फक्त तो बाक भोपाळला जाईल, आणि श्योपूरकराचा प्रवास वाढेल.

म्हणून दोन मागण्या. आयुक्त कोणत्या वारी मुख्यालयात भेटतील हे दारावर लिहावे आणि ते पाळावे. भोपाळच्या नेहमीच्या बैठका पडद्यावरून घेता येतात, करोनाच्या काळात त्या घेतल्याच होत्या. दुसरी मागणी मोठी आहे. मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळ इंदूरच्या राजवाड्यात बसले, छायाचित्रेही छान आली. तशीच एक बैठक मोतीमहालात घ्यावी आणि तिच्यात एवढा एकच विषय ठेवावा : बदल्या, खरेदी आणि परवाने यांपैकी काय काय विभागाध्यक्षाने वर न पाठवता स्वतःच्या सहीने मंजूर करायचे. ती यादी झाली की आपल्या वृत्तपत्राने जशीच्या तशी छापावी.

आपली,
एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर